सावलीसकट : क्रीडाशिक्षिकेच्या रोजनिशीतील पाने

18 जून 2025, बुधवार

मेअखेरच्या पावसानं मैदानावर हरळी माजली आहे. सकाळी सातला मुली आल्या. सगळ्यांनी मिळून मधल्या पाटीवरची हरळी उपटली, मग फक्की टाकून चौक आखले. चौदा वर्षांखालच्या मुलींचा यंदाचा खो-खो संघ चांगला आहे. पळायला सगळ्याच तयार आहेत. दुखणं एकच, तेही गेल्या वर्षीपासूनचं. बसलेल्या मुली खो मिळायच्या आधी उठतात. पंचांची शिट्टी वाजते आणि हाताशी आलेला गडी निसटतो.

सातवीतली एक आज अर्ध्या तासात पाच वेळा उठली. धावणारीनं मागून पाठीला हात लावायचा, त्याच क्षणी 'खो' म्हणायचं आणि तोवर बसलेलीनं जागा सोडायची नाही, हा नियम तिला तोंडपाठ आहे. पाचही वेळा मी ओरडले. पाचही वेळा तिचं एकच उत्तर, "न्हाय मॅडम, खो बसल्यावरच उठले मी."

ती खोटं बोलत नाही. तिला खरोखर तसंच वाटतं. माझे डोळे जे बघतात ते तिला दिसायला हवं.

21 जून, शनिवार

योग दिवस. प्रार्थनेच्या पटांगणात साडेतीनशे मुलं. सूर्यनमस्काराची एक हलती आकृती मला मिळाली होती, ती वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर लावून पाचवीच्या मुलांना आधी दाखवून ठेवली होती. सूर्यनमस्कार आणि पुन्हा पुन्हा फिरणारं चित्र यांचं छान जमतं, कारण शेवटची स्थिती हीच पहिली स्थिती. जोड कुठे आहे ते कळतच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभरेक वर्षांपूर्वी संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले. त्या काळी प्रत्येक शाळेत करून दाखवणारा माणूस पाठवावा लागत असेल. आज माझा घसा बसलेला होता, तरी मुलांचं काही अडलं नाही.

दुपारी खो-खोच्या मुलींना जानेवारीतल्या पहिल्या विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना दाखवला. दिल्लीत भारतानं नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. मैदानात आल्यावर पुन्हा तेच. आठवीतली उंच मुलगी म्हणाली, "त्यांचं लय झटपट हाय मॅडम. कवा उठली त्ये दिसतच न्हाय."

तिचं बरोबर आहे. त्यांना स्वतःचंच बसणं-उठणं दाखवायला हवं, आणि तेही सावकाश.

24 जून, मंगळवार

सकाळी साडेसातला चित्रीकरण केलं. फोन तिपाईवर बसवला, उंची बसलेल्या मुलीच्या खांद्याएवढी, बाजूनं. मंदगतीवर ठेवला की माझा फोन सेकंदाला 240 चित्रं घेतो. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रांचा असतो. हात पाठीला टेकण्याचा क्षण त्यात दोन चित्रांच्या फटीत पडून जातो, म्हणून मंदगतीच हवी.

रात्री संगणकावर बसले. भाच्यानं सुट्टीत जिम्प नावाची फोटो दुरुस्त करायची प्रणाली बसवून दिली होती. फुकट आहे, 1996 पासून लोक मिळून ती वाढवत आले आहेत. व्हिडिओ थांबवत थांबवत 12 चित्रं निवडली आणि ती एकावर एक थरांसारखी रचली. प्रत्येक थराच्या नावापुढे कंसात मिलिसेकंदाचा आकडा लिहिला की ते चित्र तेवढा वेळ पडद्यावर थांबतं. साध्या चित्रांना 150, हात टेकण्याच्या चित्राला 900. शेवटी जिफ म्हणून साठवायचं. ही जिफची पद्धत 1987 सालची, तेव्हाच्या मंदगती जोडणीवरून चित्रं पाठवता यावीत म्हणून काढलेली. चित्रांमधल्या थांब्याची सोय 1989 च्या सुधारणेत आली. आवाज नसतो आणि एका चित्रात रंग फार तर 256.

त्या 256 रंगांनी छळलं. आमच्या मैदानाची तांबडी माती आणि हरळी यांचे डाग डाग झाले, जणू मुलींच्या मागे कुणी शेणसडा फिसकटला आहे. फाईलही जड झाली. मग मी पार्श्वभूमी कापायला घेतली. भिंत, सायकली, कडुलिंब, उपड्या घातलेल्या खिचडीच्या पातेल्या, जमीन, एकेक करून सगळं पुसलं. राहिल्या फक्त दोन मुली, पांढऱ्या कागदावर काढल्यासारख्या. हात टेकतो तिथे लाल वर्तुळ काढलं. पुस्तकातल्या आकृतीइतकं स्वच्छ चित्र. झोपायला साडेबारा झाले, पण फार समाधान वाटलं.

2 जुलै, बुधवार

सातवीतलीला मधल्या सुट्टीत एकटीला बोलावून दाखवलं. सगळ्यांसमोर दाखवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. चित्र फिरू लागलं. टाच उचलली, गुडघा सुटला, आणि मागचीचा हात अजून वीतभर लांब. पुन्हा टाच, पुन्हा गुडघा, पुन्हा ती वीत. मी काही बोलले नाही. ती पाच-सहा मिनिटं बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "उठले की मी."

गेलं वर्षभर तिच्यावर ओरडून जे झालं नाही ते या 12 चित्रांनी केलं.

5 जुलै, शनिवार

तरीही उठतेच आहे. आज तीनदा. आता तिला उठल्या उठल्या कळतं, जीभ चावते, खाली बसते. चूक कळली पण सुटली नाही. माझ्याकडे पुढचा उपाय नाही.

8 जुलै, मंगळवार

आजचं पान नीट लिहायला हवं.

ती स्वतःहून आली. "त्ये चित्र परत लावा की मॅडम." लावलं. ती पडद्याजवळ गेली आणि पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं सावली हुती. ती कुठाय?"

"कुणाची?"

"मागनं येणारीची. ती म्होरं पडती. ती दिसली की मला वाटतं आली, आन् मी उठते."

मी मूळ व्हिडिओ उघडला. सावली तिथेच होती. साडेसातचं ऊन, धावणारी पूर्वेकडून येतेय, तिची लांबच लांब सावली तिच्या आधी येऊन पोचते. बसलेलीच्या अंगावरून सरकते, चौकाची पांढरी रेघ ओलांडते, गुडघ्यांपुढे डोक्याचा काळा गोळा दिसतो, आणि त्याच चित्रात टाच उचलते. हात अजून मागेच आहे. आमच्या मुलींची उंची दीड मीटरच्या आत-बाहेर. त्या वेळी सूर्य इतका खाली असतो की सावली सहज चार मीटर पडते. खो मागून मिळतो म्हणून मागचं दिसत नाही, पण सावली समोर दिसते.

आणि ती मी पुसली होती. रंगांचे डाग पडतात, फाईल जड होते, चित्र नेटकं दिसत नाही, म्हणून जमीन पुसली, आणि जमिनीबरोबर कारणही पुसलं गेलं. रात्री साडेबारापर्यंत बसून.

घरी आल्यावर सगळे व्हिडिओ काढले. आमची मधली पाटी दक्षिणोत्तर आहे. आठ जणी एक सोडून एक पूर्वेला आणि पश्चिमेला तोंड करून बसतात. सकाळच्या व्हिडिओत लवकर उठणाऱ्या, एक सोडून सगळ्या, पश्चिमेकडे तोंड केलेल्या आहेत. म्हणजे ज्यांच्या पाठीशी सूर्य आहे त्या. बावीस वर्षं शिकवतेय. किती मुलींना मी 'उतावळी' म्हटलं असेल.

9 जुलै, बुधवार

संध्याकाळी साडेपाचला मुद्दाम सराव ठेवला. सूर्य पश्चिमेला. आज पूर्वेकडे तोंड केलेल्या उठू लागल्या आणि सकाळच्या दोषी मुली शांत बसल्या. मुलींना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की सराव बाजूला राहिला आणि सगळ्या आपापल्या सावल्या पावलांनी मोजत बसल्या. मोजू दिल्या.

12 जुलै, शनिवार

अर्धी शाळा. दुपारी हलत्या चित्रांचा इतिहास वाचत बसले, आणि माझीच चूक दोन मोठ्या माणसांच्या कामात मांडून ठेवलेली सापडली.

पहिला एडवर्ड मायब्रिज. 1878 साली कॅलिफोर्नियात त्यानं धावत्या घोडीच्या वाटेवर ओळीनं 12 कॅमेरे लावले. घोडीचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे त्या चित्रांनी दाखवलं. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यानं माणसांची धाव, उडी, फेक, जिना चढणं टिपलं. 1887 मध्ये ते काम 781 पानी संचातून आलं. त्यातल्या कितीतरी चित्रांत मागे चौकटी आखलेली भिंत आहे. अंग किती वर गेलं, किती पुढे, हे त्या चौकटींवरून मोजता येतं. त्यानं पार्श्वभूमी नुसती ठेवली नाही, ती कामाला लावली.

दुसरा फ्रान्सचा एत्येन-झ्यूल मारे. शरीरशास्त्रज्ञ. 1882 मध्ये त्यानं बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, सेकंदाला 12 चित्रं घेणारा. मग एकाच काचेवर अनेक क्षण टिपू लागला. क्षणांची गर्दी होऊन काही कळेना, तेव्हा त्यानं माणसाला नखशिखान्त काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यासमोर पळवलं. काचेवर माणूस उमटलाच नाही, नुसत्या रेघा उमटल्या. हाडांचे कोन वाचायला ते फार उत्तम. त्याचा सहायक जॉर्ज दमेनी मूळचा व्यायामाचा माणूस, पुढे फ्रान्समधल्या शारीरिक शिक्षणासाठीच झटला. माझ्या व्यवसायाचं आणि हलत्या चित्रांचं नातं सिनेमाच्याही आधीचं आहे, हे वाचून ऊर भरून आला.

मारेचं पुसणं चुकीचं नव्हतं. त्याला काय शोधायचंय ते ठाऊक होतं आणि तेवढं सोडून बाकीचं त्यानं काढलं. मला ठाऊक नव्हतं आणि मी काढलं. फरक तेवढाच, पण सगळा तोच. आज नवी जिफ केली. जमीन आहे, रेघ आहे, सावली आहे. रंगांचे डाग पडू दिले. सावलीच्या कडेनं पिवळी रेघ, हाताभोवती लाल वर्तुळ. बाकी कशाला हात लावला नाही.

19 जुलै, शनिवार

सकाळी एका मुलीची आई आणि आजी शाळेत आल्या. आजींनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "बाई, पोरीचा फोटू हलतोय म्हणं. त्यो जाणार कुठं?"

प्रश्न रास्त होता, आणि तो मी चित्रीकरणाआधी स्वतःला विचारायला हवा होता. फोन माझा, शाळा आमची, म्हणून मी गृहीत धरलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. कायदा नसता तरी धावणाऱ्या, पडणाऱ्या, वाकलेल्या मुलींची चित्रं कुठे कुठे फिरू शकतात हे मला कळायला हवं होतं. दोघींना टीव्हीसमोर बसवून सगळं दाखवलं. आजींनी सावली बघितली आणि म्हणाल्या, "आमी खुरपायला बसल्याव बी मालक आला की आदी सावली येती." मग हसल्या. आईनं सही केली.

आजपासून ठरवलं ते असं. प्रत्येक घरून लेखी संमती. चित्र शाळेच्या टीव्हीवरच, व्हॉट्सॲपवर नाही (तिथे जिफचा व्हिडिओ होतो आणि कुणीही पुढे ढकलतं). चेहरे धूसर. मुलगी नको म्हणाली तर तिचं चित्र त्याच दिवशी तिच्यासमोर पुसायचं.

चेहरे धूसर केल्यावर वेगळीच अडचण निघाली. आवाज नाही, आणि आता ओठही दिसत नाहीत, तर धावणारीनं 'खो' कधी म्हटलं ते कळणार कसं? मूळ व्हिडिओत ओठांचा गोल चंबू होतो ते चित्र शोधून त्यावर मोठ्या अक्षरांत 'खो' लिहिलं. आणखी एक कळलं. दोघी-तिघी हात आधी लावतात आणि 'खो' मागून म्हणतात. ती चूक बसलेलीची नाहीच.

30 जुलै, बुधवार

लांब उडीच्या मुलीसाठी चित्र केलं आणि ते रद्द केलं.

तिचे पाय वाळूत लवकर टेकतात. 'असं हवं' हे दाखवावं म्हणून जिम्पमधल्या ओढून वाकवायच्या हत्यारानं तिचेच पाय हवेत वर उचलून सरळ केले. फार सुंदर दिसलं. तिला दाखवलं तर ती गोंधळली. "ही मीच हाय? मी असं कवा केलं?" मग तिनं तसं करून बघितलं आणि पाठीवर पडली.

दोष चित्राचा. पाय जमिनीवरून सुटल्यावर अंगाच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो, हवेत तो बदलता येत नाही. हवेत पाय पुढे उचलले की त्याची भरपाई म्हणून धड पुढे झुकतंच. मी पाय उचलले आणि धड ताठ ठेवलं. असं शरीर हवेत असूच शकत नाही. पुस्तकातली आकृती चुकली तर मूल फार तर दुर्लक्ष करतं. स्वतःच्या अंगाचं खोटं चित्र मात्र ते खरं मानतं आणि त्यापायी स्वतःला मोडून घेतं. पाठीला फार लागलं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

यापुढे अंगाला हात लावायचा नाही. बाण, रेघ, वर्तुळ, वेग, थांबा, उजेड, एवढंच माझं. गुडघा तिचा आहे.

6 ऑगस्ट, बुधवार

पाचवीला कोलांटी. चित्र फिरून पहिल्यावर येताना झटका बसतो, उभं राहिलेलं मूल एकदम ओणवं दिसतं. चार-पाच जणांनी कोलांटी मारून झाल्यावर तसाच झटका देऊन पुन्हा वाकून दाखवलं! शेवटच्या चित्राला दोन सेकंदांचा थांबा दिला आणि मधे एक कोरं चित्र घातलं. प्रश्न मिटला.

29 ऑगस्ट, शुक्रवार

राष्ट्रीय क्रीडा दिन, मेजर ध्यानचंद यांची जयंती. भाषणं झाली. दुपारी तालुक्याच्या वाचनालयात व्यायामज्ञानकोशाचा एक खंड चाळायला मिळाला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात दहा खंड काढले. मल्लखांबाची पकड सांगायची तर ती एका चित्रात मावत नाही, क्रमानं चित्रं लागतात. ओळीनं बघत पानं पटापट उलटली तर गडी हलू लागेल असं वाटत राहतं. तेव्हा एकेक छायाचित्र घ्यायचं, त्याचा ठसा करायचा, छापायचं, किती कष्ट असतील. मी खिशातल्या फोननं काम करते. ग्रंथपालांनी मुलींना शनिवारी घेऊन यायला परवानगी दिली आहे.

11 सप्टेंबर, गुरुवार

तालुका स्पर्धा. आमचा सामना साडेबाराला, ढगाळ हवेत, त्यामुळे सावलीची परीक्षा झालीच नाही. गेल्या दोन महिन्यांत आम्ही डोळे मिटून बसायचा आणि स्पर्श व शब्द दोन्ही मिळाल्यावरच उठायचा सराव केला होता. सकाळ-संध्याकाळ दिशा बदलून बसत होतो. पहिल्या डावात लवकर उठण्याची एकही शिट्टी नाही. दुसऱ्या डावात एक, ती आठवीतल्या उंच मुलीवर, घाईत. सातवीतलीवर एकही नाही. उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरलो. समोरच्या संघाच्या खांबावरच्या सुरांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुली रडल्या. जीपमध्ये बसल्यावर सातवीतली म्हणाली, "मॅडम, खांबावरचा सूर आडवा घ्या फोनमधी. खालनं."

13 सप्टेंबर, शनिवार

परवा सामन्यानंतर दोन शाळांच्या शिक्षकांनी माझ्याकडच्या जिफ मागितल्या. दिल्या नाहीत. त्या आमच्या मुलींच्या आहेत आणि घरच्यांनी सह्या याच शाळेपुरत्या केल्या आहेत. शिवाय दुसऱ्याच्या मैदानावरची सावली त्यांच्या काय कामाची? त्यांच्या मुली कुठल्या दिशेला बसतात, किती वाजता खेळतात, ते त्यांच्याच चित्रात दिसेल. दोघांनाही म्हटलं, आधी पालकांच्या सह्या घ्या, मग फोन लावा. थर रचायला मी शिकवते, काही पुसू मात्र नका, निदान मुलींना दाखवेपर्यंत.

पहिल्या शाळेत येत्या शनिवारी सकाळी साडेसातला जाते आहे. सातवीतली बरोबर येणार आहे, तिच्या आईला विचारलं आहे.